काचेच्या बोटीसाठी आठ टाके

शिवणवाल्या वहिनींनी सुट्टीत बोट बुडवली, अशी आवई आमच्या जिन्यात उठली. बोट बुडाली नाही हो, नुसती धक्क्यावर खोळंबली. आणि त्याला कारण घरचंच.

वहिनींना हवी होती तळाला काच असलेली बोट. तीस वर्षं मान खाली घालून कापड पाहिलं, एकदा तशीच मान घालून समुद्राचा तळ बघावा, एवढीच हौस. पण सहा माणसं भरल्याशिवाय ती बोट सुटत नव्हती, आणि घरची सहा माणसं म्हणजे सहा दिशा. धाकट्या दिराला वेगाची बोट हवी, जाऊबाईंना छप्पर, सासऱ्यांना संडास. सासूबाईंना सासरे म्हणतील ते सोडून काहीही. नवरा म्हणे, तुम्ही ठरवा, मी येतो. त्याचाच जास्त संताप. चार दिवसांतले तीन असे गेले. शेवटी वहिनी बॅग भरायला लागल्या, तेव्हा कुठे मंडळी काचेवर आली.

नावाड्याने आदल्या संध्याकाळी बुडू न देणारी जाकिटं घालून बघायला दिली. पट्टे हे लांबलचक. ढगळ काही दिसलं की वहिनींचे हात शिवशिवतात. टेप काढून, एकेकाला उभं करून त्यांनी टाके घालून पट्टे आखूड केले. माप देताना गिऱ्हाईक पोट आत घेतं, म्हणून दुकानात त्या नेहमी दोन इंच जास्त धरतात. पण दीर विसाव्यांदा म्हणाला, वेगाची बोटच बरी होती. आणि रागाच्या भरात ते दोन इंच धरायचे राहिले.

सकाळी दिराचा पट्टा काही केल्या लागेना. नावाडी म्हणाला, पट्ट्याशिवाय चढू देणार नाही, आणि दहा मिनिटांत पाणी उतरलं की आज फेरी नाही. उद्या तर परतीची गाडी. जाऊबाई लगेच खरेदीच्या गोष्टी करू लागल्या. वहिनींनी धक्क्यावरच फतकल मारली आणि पर्समधल्या ब्लेडने टाके उसवायला घेतले. आठ टाके, तेही दुहेरी दोऱ्याचे. आपल्या पक्क्या हाताचा त्यांना जन्मात पहिल्यांदा राग आला. आठवा सुटला, पट्टा टक्कन बसला, नावाड्याने दोर सोडला.

काचेवर वाकलेल्या वहिनींना दीर म्हणाला, "माप चुकलं हो वहिनी. वय झालं तुमचं."

वहिनींनी मान वर केली नाही. "माप बरोबर होतं, भावोजी. श्वास तुम्ही रोखला होता. आता धक्का येईपर्यंत तसाच रोखून धरा, मला मासे बघू द्या."