त्या भिंतीला ओल आहे

माझे मामा कधी खोटं बोलत नाहीत, असं सगळी वस्ती सांगते. वस्तीला काय ठाऊक! मामा एक खोटं बोलायचे आणि तेही वर्षानुवर्षं, चेहऱ्यावरची रेष न हलवता. "त्या भिंतीला ओल आहे."

मामा वस्तीतल्या लहानशा प्रार्थनाघराचे राखणदार. कुलूप उघडायचं, झाडायचं, पुसायचं, बाकं सरळ लावायची, गेलेले दिवे बदलायचे आणि कुणी छत्री विसरलं तर ती मालक येईपर्यंत सांभाळायची, असं त्यांचं काम. हातात कायम एक ओलं फडकं असायचं. मामी त्यांना 'फडकेसाहेब' म्हणायची. आडनावाशी त्याचा काही संबंध नव्हता. "अहो फडकेसाहेब, मला पण पुसून टाकाल एक दिवस," असं ती म्हणायची आणि मामा खरंच तिच्या नाकावरून फडकं फिरवायला धावायचे.

आईवडील नोकरीसाठी दुसरीकडे होते, म्हणून माझी सगळी शाळा मामांकडे झाली. मामी घरी कपडे शिवायची. दिवसभर मशीन चालवून तिची मान मोडून यायची. संध्याकाळी ती माझ्या आणि स्वतःच्या डोक्यावर तेल थापायची आणि मला घेऊन प्रार्थनाघरात जायची. डावीकडच्या तिसऱ्या खांबाजवळचा भिंतीचा तुकडा तिचा ठरलेला. तिथे जमिनीवर बसायचं, भिंतीला डोकं टेकायचं आणि डोळे मिटायचे. प्रार्थना कमी आणि डुलकी जास्त. भिंतीवर डोक्याएवढा तेलकट, काळपट डाग पडला होता. दर चार-पाच वर्षांनी रंगारी आले की मामा त्यांना गंभीरपणे सांगायचे, "तेवढी भिंत सोडा. ओल आहे. रंग धरणार नाही." आठ दिवस मामीची जागा अडू नये, एवढंच आधी कारण होतं. मामी गेल्यावरही मामा तेच सांगत राहिले आणि तेव्हा कारण काय होतं हे कुणी विचारायची गरज नव्हती. निदान मला तरी नव्हती.

मी नसलेल्या खोल्या बनवते. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस स्वतःच्या खुर्चीतून उठून माझ्या खोलीत जाऊन बसतो. गेल्या वर्षी ऑफिसने 'शांत खोल्या' काढायचं ठरवलं. दवाखान्यात ताटकळणाऱ्यांसाठी, कामाने पिचलेल्यांसाठी. खोली प्रार्थनास्थळासारखी हवी, पण देव नको, अशी मागणी होती. मोठमोठ्या नावाजलेल्या वास्तू आम्ही करून पाहिल्या. त्यांत बसलं की माणसाला आपण मुंगी आहोत असं वाटायचं आणि शांतता राहायची बाजूलाच. मग मीच शेखी मिरवत म्हटलं, माझ्या माहितीत एक लहान जागा आहे.

दोन दिवस मी तिथे फोटो काढत होते. मामांनी सत्तरीत शिडीवर चढून माझ्यासाठी दिवे पुसले, माझा उजेडाचा दांडा हात दुखेपर्यंत धरला. चारशेच्या वर फोटो निघाले. मामांनी फक्त एकदा विचारलं, "सगळं येतं का गं यात?"

"सगळं," मी म्हटलं.

त्यानंतरच्या कामाला आम्ही सफाई म्हणतो. फोटोतल्या वायरी काढायच्या, फुटकी फरशी सांधायची, जाळी-जळमटं उडवायची. तिसऱ्या खांबाजवळ आले तेव्हा माझा हात थांबला. मला तो डाग ओळखू आला नाही, असं मला इथे लिहायचं होतं. पण आला. लगेच आला. तेवढ्यात साहेब मागून म्हणाले, "चारपर्यंत होईल ना?" मी म्हटलं, होईल. आणि स्क्रीनवरच्या ब्रशचे दोन फटके मारले. एका हातात चहाचा कप होता, तो खालीही ठेवला नाही.

खोली सगळ्यांना आवडली. मग आभार म्हणून मी हेडसेट घेऊन प्रार्थनाघराच्या मंडळाला दाखवायला गेले. अध्यक्ष ती खोली बघून उठले ते हरखूनच. "आपलं प्रार्थनाघर इतकं देखणं आहे? मग आपण खरंच असं का करत नाही? हाच रंग सगळीकडे मारू."

मामा म्हणाले, "तिसऱ्या खांबाजवळची भिंत मात्र सोडावी लागेल. ओल आहे तिथे."

"कुठंय ओल? हिच्या खोलीत भिंत कशी लख्ख आहे. भाचीच तुमची, ती काय चुकीचं दाखवेल?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं "हो, थोडी ओल आहे" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. चार शब्द. पण अध्यक्षांनी नुकतंच माझं तोंड भरून कौतुक केलं होतं आणि ते कौतुक अजून माझ्या डोक्यात वाजत होतं. मी काय केलं, तर फोन काढला आणि त्यांना रंगाचा नंबर दिला.

पुढच्या आठवड्यात रंगारी आले. मामांनीच त्यांना बादल्या आणून दिल्या, कारण ते त्यांचं काम होतं. मला हे फोनवर त्यांनीच सांगितलं, आणि वर माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "तुझ्या यंत्राला डाग दिसला नसेल. तू तरी काय करणार?"

मी म्हटलं, "हो मामा. उजेड कमी पडला त्या कोपऱ्यात."

उजेड कमी पडला! ज्या माणसाने दोन दिवस तो उजेड हातात धरून ठेवला होता, त्यालाच मी हे सांगितलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःची किळस आली.

मूळ फोटो माझ्याकडे होते. दोनशे सतरा नंबरच्या फोटोत डाग जसाच्या तसा होता, केसांच्या रेघांसकट. खोलीत तो परत बसवायला अर्धा तास लागला. पण तो मामांना दाखवायचा म्हणजे यंत्राला दिसला होता हेही कबूल करायचं. दीड महिना मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. कधी काम होतं, कधी सर्दी होती. खरं म्हणजे हिंमत नव्हती.

शेवटी एका दुपारी गेले. प्रार्थनाघर रिकामं होतं, नव्या रंगाचा वास अजून होता. मामांना बाकावर बसवून हेडसेट चढवला. "घोड्याला लावतात तसलं काय हे," ते कुरकुरले. मग त्यांनी मान डावीकडे वळवली आणि ती तिथेच राहिली. त्यांनी हात पुढे केला. बोटं हवेत कशाला तरी लागल्यासारखी थांबली, मग पुढे निघून गेली. त्यांनी हात हळूच मांडीवर ठेवला.

"म्हणजे दिसला होता यंत्राला," ते म्हणाले.

"हो."

"मग?"

"मी पुसला, मामा. कुणाचा आहे ते ठाऊक असून पुसला. आणि तुमच्याशी खोटं बोलले." हेडसेटमुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते आणि त्याचं मला बरंच वाटलं, इतकी मी भित्री आहे.

त्यांची मान थोडी खाली झुकली. मग म्हणाले, "दोन्ही पुसलेस?"

"दोन्ही?"

"वरचा तिचा. खालचा तुझा. तिच्या शेजारी झोपायचीस की टेकून, दहा वर्षं. तेल निथळत असायचं नुसतं."

मी हेडसेट काढून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला. मोठ्या डागाच्या खाली, त्याला चिकटून, एक लहान डाग होता. फोटो शंभरदा पाहिला होता, पण मला तो एकच डाग वाटला होता. ब्रशचे फटके मात्र मी दोन मारले होते.

मामांनी हेडसेट माझ्याकडून घेतला आणि त्याच्या काचा ओल्या फडक्याने पुसल्या. काचा तशा पुसायच्या नसतात. मी पुसू दिल्या.

"बस तिथे," त्यांनी तिसऱ्या खांबाकडे बोट दाखवलं. मी बसले. "टेक डोकं."

"नवा रंग आहे, मामा."

"टेक म्हटलं ना." मी टेकलं. ते लांबून बघत राहिले. "थोडी खाली हो. ती घसरून बसायची." मी घसरले. मग ते वाकले आणि माझे थोडे केस त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिले. "कोरडे आहेत."

"हल्ली तेल लावत नाही मी."

"लावून येत जा," ते म्हणाले आणि बादली उचलून बाकांकडे गेले.

मी हो म्हटलं होतं. त्याला आता सात महिने झाले. मी तीनदा गेले, त्यात तेल लावून एकदा. परवा गेले तेव्हा मामा भिंत पुसत होते. एका टोकापासून पुसत आले, तिसऱ्या खांबाजवळचा हातभर तुकडा सोडला आणि पुढे पुसत गेले. त्या तुकड्यावर अजून काहीच नाही.