मुनीरभाईंचा दम

आमच्या नाटक मंडळीत मुनीरभाई क्लॅरोनेट वाजवायचे. एरवी अंबडला गाद्यांचा कापूस पिंजायचे, खेळ ठरला की हातातलं काम टाकून एस.टी.त चढायचे. माझी एन्ट्री त्यांच्याच सुरावर. विंगेतून पाऊल टाकलं की सूर उठायचा आणि मी रंगमंचाच्या मधोमध येऊन पदर सावरेपर्यंत तो तुटायचा नाही. लोक मला बघत की त्यांचे फुगलेले गाल, देव जाणे!

चौऱ्याण्णव साली त्यांना धाप लागू लागली. त्यांची बायको रहिमाबी आणि मी त्यांना जालन्याला घेऊन गेलो. छातीचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "फायब्रोसिस."

"म्हंजे?"

"जखम भरली की वण राहतो, तिथली कातडी घट्ट होते. तसं फुप्फुसाच्या आत झालंय. बहुतेक धुळीनं. घट्ट झालेला भाग फुगत नाही, म्हणून श्वास पुरत नाही."

मुनीरभाईंनी विचार केला. "गादीतला कापूस घट्ट झाला की आमी पिंजून मऊ करतो. ह्येचं तसं न्हाई होत?"

"नाही. आता वाढू नये एवढंच बघायचं. पिंजणं बंद."

"अन् वाजवणं?"

"झेपेल तेवढंच. धाप लागली की थांबायचं."

स्टँडवर ते म्हणाले, "बाई, राजूरच्या खेळाला दुसरा माणूस बघा. सूर मधीच तुटला तर तुमची एन्ट्री बिलकुल खराब व्हईल."

रहिमाबी फणकारली, "जनमभर माझ्यावर वरडायला दम पुरला, अन् बाईच्या टायमालाच सरला व्हय?"

मी म्हटलं, "तुटू द्या, मुनीरभाई. पुढचं मी बघते."

राजूरला पटांगण गच्च भरलेलं. सूर उठला, मी निघाले आणि निम्म्या वाटेत तो तुटला. मीही तिथंच थांबले. मान वळवून मुनीरभाईंकडे रुसल्यासारखं पाहिलं. सगळे चिडीचूप. त्यांनी श्वास घेतला, सूर पुन्हा धरला, मी पुढं सरकले. पुन्हा तुटला, तेव्हा मी कमरेवर हात ठेवला. शिट्ट्यांनी मंडप दणाणला!

पडद्यामागं ते सामानाच्या पेटीवर बसून धापा टाकत हसत होते. "ही कुठली रीत, बाई? दम माझा तुटला अन् शिट्ट्या तुमाला!"

पुढं काही वर्षं ती एन्ट्री तशीच चालली. हळूहळू थांबे वाढत गेले, मधोमध पोचायला मला उशीर होऊ लागला. लोकांना तो नखरा वाटायचा. मला पोचायची काही घाई नव्हती.