ओठावरची पारख

तयार कपड्यांच्या कारखान्यात बाहेरून आलेलं कापड आधी मावशीच्या टेबलावर यायचं. डोळ्यांना न दिसणारी गाठ, मध्येच बारीक झालेला धागा तिच्या बोटांना बरोबर लागायचा. तिनं 'नापास' शिक्का मारला की साहेबसुद्धा पुन्हा तपासायला सांगत नसत.

एके दिवशी हात धुवायच्या कॅनमधून साबणाच्या पाण्याऐवजी अ‍ॅसिड निघालं आणि मावशीची बोटं भाजली. बॉयलर साफ करायच्या अ‍ॅसिडचं पिंप स्टोअरकीपरच्या हातून चिरलं होतं. ते झाकायला त्यानं हाताला लागेल त्या कॅनमध्ये अ‍ॅसिड ओतून ठेवलं होतं. चौकशीत मात्र हा गृहस्थ साळसूदपणे म्हणाला, "वास घ्यायला काय झालं होतं? नाक आहे ना!" मावशीचं नाक त्या आठवड्यात सर्दीनं चोंदलेलं होतं. तिनं तसं सांगितलं. साहेबांनी 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं आणि विषय मिटवला.

बोटांवर कातडी परत आली, स्पर्श काही आला नाही. घरी तापलेलं भांडं तिनं खुशाल उचललं. लेक किंचाळली तेव्हा कुठे कळलं.

"आई, सोड ती नोकरी."

"त्या मेल्याला रडवल्याशिवाय नाही सोडायची."

पुढे एकदा तोंड पुसताना टॉवेलचा एक सुटा धागा तिच्या वरच्या ओठाला टोचला. ती चमकली. मग महिनोन्‌महिने डोळे मिटून ती चादरी, ओढण्या, लेकीचे कपडे ओठावरून ओढत बसली. ओठ बोटांपेक्षाही तिखट निघाला. ती कामावर परतली, तेव्हा तिला कापडाचे मुके घेताना बघून पोरी फिदीफिदी हसल्या. आठवडाभरात त्यांचं हसू विरलं.

तोवर स्टोअरकीपर खरेदी अधिकारी झाला होता. आता त्यानं आणलेला प्रत्येक तागा मावशीच्या ओठाखालून जायचा आणि शिक्का घेऊन परत जायचा. दोष खरेच असत, पण दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते.

"मावशी, इतकं बारीक कोण बघतं हो?"

"मी बघते."

त्याला दोन नोटिसा मिळाल्या. तिसऱ्या खेपेला तो स्वतः गिरणीत जाऊन, वार न् वार तपासून कापड घेऊन आला. मावशीनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठावरून नेलं. कुठे गाठ नाही, कुठे खरखर नाही, नुसतं लोणी. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं शिक्का उचलला आणि दाबून मारला.

त्याची नोकरी गेली. संध्याकाळी तो फाटकाशी उभा होता, चेहरा पार उतरलेला.

"एकच सांगा, मावशी. शेवटचं कापड चांगलं होतं ना?"

"होतं की! इतकं चांगलं कापड तुम्ही कधीच आणलं नव्हतं."

मावशी घरी गेली आणि त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली.