तुराटीच्या मापाची गाडी

गाडी चार खोक्यांतून आली. टेम्पोवाल्याने ती आखाडा बाळापूरला माझ्या दुकानासमोर उतरवली आणि दिवसभर जो येईल तो विचारत राहिला, "कपाट मागवलं का?" संध्याकाळपर्यंत मी इतका वैतागलो, की शेवटच्या दोघांना "व्हय, तीन दाराचं" असं सांगून टाकलं.

मी मोटारी भरतो, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळतो. हातात पाना असला की मला दुसरं काही सुचत नाही. त्यात मोबाइलवर लोक घरच्या घरी गाडी जोडताना बघून बघून माझं डोकं फिरलं. सांगाडा, स्टिअरिंग, पत्रे आणि नटबोल्टच्या पिशव्या कंपनी पाठवते, इंजिन आपण शोधायचं आणि सगळं आपल्या हाताने जोडायचं. मी एका जुन्या मोटारसायकलचं इंजिन धरून ठेवलं होतं. अशा गाडीला परवाना मिळत नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर ती काढायची सोय नाही. "मग चालवणार कुठं, गच्चीवर?" बायकोने विचारलं. मी पिशवीतले नटबोल्ट मोजायला घेतले.

उत्तर घरात खाटेवर बसलेलं होतं. वडिलांचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांना मोटारसायकलवर पाय टाकता येत नव्हता आणि ट्रॅक्टरवर चढता येत नव्हतं. बैलजोडी तर आधीच विकली होती. शेत गावापासून पांदणीच्या, म्हणजे शेताशेतांमधल्या कच्च्या वाटेने अर्ध्या तासावर, पण वर्षभर त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

त्याचंही एवढं वाईट वाटलं नसतं. वाईट हे, की बाबा गोड बोलायला लागले होते. ज्या माणसाने माझं एकही काम खोट काढल्याशिवाय सोडलं नाही, तो माणूस आता काहीही विचारलं की म्हणायचा, "तुमाला बराबर वाटंल तसं करा." भाजीत मीठ नसलं तरी "चांगली झाली." पाहुणे म्हणत, म्हातारा किती शांत झाला! मला मात्र त्या शांतपणाची भीती वाटायची. आवराआवर करून निघायच्या तयारीत असलेला माणूस असा बोलतो. ते पुन्हा एकदा माझ्यावर ओरडावेत असं मला फार वाटायचं, आणि हे कुणाला सांगायचीही चोरी होती.

म्हणून सांगाडा अंगणात उभा केल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाबा, ह्याची बैठक तुमच्या खाटेएवढीच हाये. बसून शेतात जाऊ."

त्यांनी सांगाडा बराच वेळ न्याहाळला. "पांदणीनं जायची न्हाई ही," ते म्हणाले. "चाकं चाकोरीत बसनार न्हाईत. एक चाक खाली, एक वर. मी पडन."

"मग?"

"शेजारच्या बैलगाडीच्या दोन चाकांमधलं माप घे."

मी टेप शोधायला लागलो, तर त्यांनी टेप नको म्हणून सांगितलं आणि कुडाजवळची एक लांब तुराटी दाखवली. तुरीची ती वाळलेली काडी मी शेजाऱ्याच्या गाडीखाली धरून बरोबर मापाला मोडून आणली. कंपनीचा नकाशा मिलिमीटरमध्ये आणि माझ्या हातात तुराटी. दोन दिवसांनी ती तुराटी बायकोने पाणी तापवायला चुलीत घातली. मी घर डोक्यावर घेतलं. "काडी होती," ती म्हणाली. "माप होतं!" मी म्हणालो. पुन्हा शेजाऱ्याच्या गाडीखाली शिरलो, तेव्हा त्याने मला पाणी प्यायला दिलं आणि तब्येत विचारली.

माझी गाडी वीतभर अरुंद निघाली. कोरा करकरीत सांगाडा मी मधोमध कापला आणि वीतभर लोखंड घालून पुन्हा जोडला. त्यानंतर कंपनीचं काहीच कशाला बसेना. बॉनेटच्या मधे फट राहिली, तिथे धान्याच्या जुन्या कोठीचा पत्रा ठोकला. तरीही सांगतो, गाडी जोडण्यात गेलेले ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. एखादा बोल्ट हट्ट करून करून शेवटी सुतासारखा आत जातो ना, त्या वेळी मला कुणी मंत्री केलं तरी नको होतं.

सोयाबीन निघालं, पांदणीतला चिखल वाळून टणक झाला आणि आम्ही निघालो. बायकोने बैठकीवर दुहेरी गोधडी घातली, वर "हळू चालवा" म्हणून मलाच दम दिला. बाबा खाटेवरून सरकून गाडीत बसले. चाकं चाकोरीत उतरली आणि अशी नेमकी बसली, की मी स्टिअरिंगवरचे हात काढले तरी गाडी आपली सरळ चालली. अभिमानाने मी बाबांकडे पाहिलं. ते नुसतं समोर बघत होते.

समोरून सोयाबीनची पोती भरलेली बैलगाडी येऊन राहिली होती.

आता मोटारसायकलच्या इंजिनाला मागे जायचा गिअर नसतो. चाकोरी इतकी खोल, की बाजूलाही निघता येईना. गाडीवाला पलीकडच्या तांड्यावरचा, बायकोला घेऊन चाललेला. त्याने बैल थांबवले आणि बाबांना ओळखून म्हणाला, "काका, मी सरकतो कडंला, तुमी जा."

"न्हाई," बाबा म्हणाले. "भरल्या गाडीला वाट द्यावं लागती. आमी रिकामे हाव."

"बाबा, आपली गाडी मागं जात न्हाई."

"काहून न्हाई? गाडी करताना डोकं कुठं ठिवलं होतं?"

मी चमकून पाहिलं. पण पुढचं ओरडणं आलंच नाही, आणि ते उतरायलाही तयार होईनात, कारण उतरल्यावर पुन्हा चढवणार कोण? शेवटी तो, त्याची बायको आणि मी, तिघांनी आधी आमच्या गाडीचं पुढचं अंग उचलून कडेला ठेवलं, मग मागचं. बाबा गोधडीवर मांडी घालून सूचना देत होते. बैलगाडी गेली, पण गाडीवाला आणि त्याची बायको गालातल्या गालात हसत परत आली आणि आम्हाला पुन्हा चाकोरीत ठेवून गेली.

शेताच्या धुऱ्याशी, बांधालगत मी गाडी बंद केली. हळद कमरेएवढी उभी होती. बाबा पाहत राहिले. मला वाटलं आता त्यांच्या डोळ्यांना पाणी येणार, म्हणून मी दुसरीकडे बघायला लागलो.

"हळदीला मातीची भर काहून लावली न्हाई?" ते कडाडले. "कंद उघडे पडून राहिले! आन् हे गवत? ह्याला शेती म्हनतात का? धुरा कुणी कोरला? मोटारी भरून राहिला तिथं, आन् इथं काय दिवे लावले?" तासभर ते गाडीत बसून मला झोडपत होते. मधेच दम लागला की पाणी प्यायचे आणि सुटलेला धागा पकडून पुन्हा सुरू. मी मान खाली घालून ऐकत होतो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"हासून काहून राहिला?" बाबा ओरडले. "उद्या सकाळी खुरपं घिऊन ये."

"व्हय."

मग हळदीकडे बघतच ते म्हणाले, "आन् मलाबी आन."