आडव्या बांबूपाशी

‘गावठी कुत्र्यांत ड्राइव्ह नसतो हो, मॅडम.’ हे वाक्य ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. ती अजून उतरलेली नाही, आणि उतरावी अशी माझी इच्छाही नाही.

मुरबाडच्या पुढे एका फार्महाऊसवर मुंबईच्या लोकांनी कुत्र्यांच्या अजिलिटीचं मैदान केलंय. अजिलिटी म्हणजे कुत्र्यानं दांड्यांवरून उड्या मारायच्या, कापडी बोगद्यातून शिरायचं, फळीवर चढून उतरायचं, आणि माणसानं शेजारून पळत हुकूम द्यायचे. मोबाईलवर याचे व्हिडिओ बघून बघून मी वेडी झाले होते. खर्डीजवळच्या आमच्या घरी एक काळी कुत्री आहे. नाव नाही तिला, ‘यू यू’ केलं की येते. शेताच्या बांधावरून ती जी सुसाट सुटते, ते बघून वाटायचं, हिला नाही जमणार तर कोणाला? मी शहापूरला एका दवाखान्यात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी कुत्रीला मांडीवर घेतलं आणि जीपा बदलत मुरबाड गाठलं. एक जीपवाला कुरकुरला, शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली. बसू दे.

मैदानावर बाकीच्या कुत्र्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे, आमचीच्या गळ्यात गुरांच्या दाव्याचा तुकडा. बघायचे ते बघत होते. पण बोगद्यात ती अशी घुसली की ट्रेनर हसायचा थांबला. फळीवरूनही सरळ गेली. मग आली दांडी, गुडघ्याएवढी उंच. कुत्री धावत आली, दांडीसमोर थांबली आणि शहाण्यासारखी खाली बसली. पुन्हा नेली, पुन्हा बसली. ‘घाबरते ती,’ ट्रेनर म्हणाला, आणि मग त्यानं ते ड्राइव्हचं, म्हणजे कुत्र्याच्या अंगातल्या जिद्दीचं, ज्ञान पाजळलं.

घाबरते? कपाळ माझं! आमच्याकडे भाताची झोडणी सुरू झाली की सारवलेल्या खळ्याच्या तोंडाशी एक बांबू आडवा टाकतात. पूजा होऊन नारळ फुटेपर्यंत भाताच्या राशीला चप्पल लागायची नाही, कोंबडी नाही, कुत्रं नाही. माणसंसुद्धा बांबूपाशी चपला काढतात. पिल्लू असतानाच कुत्र्याला एक फटका बसतो आणि जन्माचं कळतं, की आडवा बांबू ओलांडायचा नसतो. ती घाबरत नव्हती, सांगितलेलं ऐकत होती. मी हे त्या माणसाला दोनदा समजावलं. तो गोड हसला. ‘घरी तयारी करा. दिवाळीनंतर नवी बॅच आहे. तेव्हा उडी मारली तर घेऊ हिला, नाहीतर राहू द्या.’

राहू द्या म्हणे. मी पण हट्टाला पेटले.

अंगणात बांबू जमिनीवरच टाकला आणि पलीकडे सुके बोंबील घेऊन बसले. बोंबलासाठी जीव टाकणारी कुत्री, पण बांबूपाशी येऊन रडायची. मी ओलांडून दाखवायचे, ती माझ्याकडे अशी बघायची, जणू आता मलाच मार बसणार. रोज संध्याकाळी हाच तमाशा. शेवटी एकदा मी ‘हप्’ म्हटलं आणि ती गेली! मी तिला उचलून नाचले. मग बांबू विटांवर चढवला. ‘हप्’ म्हटलं की उडायची, न म्हटलं तर बसून राहायची. इतकं पक्कं झालं होतं तिचं.

बाबांनी ते पाहिलं. ‘काय चालवलंयस गो? खळं तोंडावर आलं आन् तू हिला बांबू ओलांडायला शिकवते?’

‘हप् म्हटल्याबिगर नाय जात ती, बाबा. बघा तरी.’

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, ‘राशीवर हिचा एक पाय जरी पडला ना, तर तानशाच्या रानात सोडून येईन. पुढचं बिबट्या बघेल.’

बाबा बोलतात ते करतात. म्हणून मी घरातल्या एकेकाला बजावलं, की तिच्यासमोर तो शब्द कोणी काढायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

झोडणी आटपली त्या दिवशी काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, राहायला कल्याणला. लावणीला यांची कंबर दुखते, नव्या तांदळाला मात्र ठणठणीत. रास लागली होती, बाबा हातपाय धुवायला गेले होते, आई नारळ आणत होती. कुत्री बांबूच्या बाहेर पायांवर हनुवटी टेकून पडली होती. काकांनी घरच्या ग्रुपवर मी टाकलेले तिच्या उड्यांचे व्हिडिओ बघितले होते. ‘बघू तुझी सर्कस,’ म्हणाले.

‘इथं नाय हां काका, रास हाय.’

मी उठेपर्यंत त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘हप्!’

आणि ती उडाली. इतकी सुंदर उडी तिनं त्याआधी कधीच मारली नव्हती. उतरली ती सरळ राशीवर. काका खो खो हसले, कामाला आलेली माणसं हसली. बाबा झोडायची काठी घेऊन धावत आले आणि तिच्या कमरेत घातली. ती पळाली नाही. पुढचा हुकूम कोणी दिलाच नव्हता, म्हणून राशीवर बसून राहिली, येडी! दुसरा तडाखा माझ्या मनगटावर बसला, कारण मी तिच्यावर पडले होते. मी ओरडले, ‘हप् कोण म्हणालं ते विचारा ना! त्याला हाणा!’

काका म्हणाले, ‘मस्करी केली गो, एवढं काय?’ चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आईनं गोमूत्र शिंपडलं, पूजा झाली, काका पोटभर जेवले. ‘कुत्री गेली तर मी पण चालले,’ असं मी बाबांना तोंडावर सांगितलं. माझं सुजलेलं मनगट बघून त्यांनी तानशाचं नाव पुन्हा काढलं नाही. पण आपल्या भावाला ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते मी विसरणार नाही.

तिची कंबर बरी झाल्यावर मी तिला मुरबाडला नेलं. का नेलं? त्या ट्रेनरची जिरवायची होती म्हणून. तीच दांडी, तेवढीच उंच. मी हळू म्हटलं, ‘हप्.’

तिनं दांडीकडे बघितलं. मग माझे दोन्ही हात बघितले, काठी आहे का ते. हात रिकामे होते, पण तिला ते पटलं नाही. कान पडले, शेपूट पायांत गेलं, अंग थरथरायला लागलं. तरी ती धावली आणि उडाली. पलीकडे उतरल्या उतरल्या जमिनीला चिकटली, डोळे मिटले आणि तशीच पडून राहिली.

टाळ्या वाजल्या. ‘आला की ड्राइव्ह!’ ट्रेनर म्हणाला. ‘घेतलं हिला.’

टाळ्या कसल्या वाजवता मेल्यांनो! मार बसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मी सांगितलं म्हणून ती उडाली होती.