खिडकीकडची खुर्ची

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला तर — पण ते शेवटी येईल. तुम्ही जरा निवांत बसा. माझा जन्म तारघरात गेला, चार शब्दांत बातमी बसवायची सवय मला. पण ही एक गोष्ट काही केल्या चार शब्दांत बसत नाही.

मैनूपासून सुरू करतो. मैनुद्दीन त्याचं नाव, पण नांदेडात आमच्या गल्लीत सगळे त्याला मैनूच म्हणायचे. त्याचे अब्बा भांड्यांना कल्हई करायचे. त्यांच्या घरात शिरलं की नवसागराचा वास नाकात बसायचा. त्याची अम्मा, मी तिला चाची म्हणायचो, मला बघितलं की आधी ताटलीत काहीतरी वाढायची आणि मग विचारायची, कशाला आलास. शाळेत आम्ही एका बाकावर. मी कायम त्याच्या उजव्या अंगाला. का? तर मैनूचा डावा कान गेलेला होता. लहानपणी वाहून वाहून फुटला, आणि त्या बाजूनं त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. हे त्याच्या घरच्यांना माहीत होतं आणि मला. चारचौघांत तो अशा बेतानं मान वळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, पोरगं लई अदबीचं आहे.

निजामी राज्याची शेवटशेवटची वर्षं होती ती. पण शेवटची आहेत हे आम्हाला कुठं ठाऊक? आम्हाला एवढंच कळत होतं की सरकारी नोकरी लागली म्हणजे माणूस मार्गी लागला, आणि तारघरात एक जागा निघालीय. एकच. उमेदवार मात्र पार मुखेड-उमरीपासून आले होते.

तारघरातले एक म्हातारे बाबू आम्हाला संध्याकाळी तारेची भाषा शिकवायचे. कट्ट आणि कडकट्ट — या दोनच आवाजांत सगळी इंग्रजी अक्षरं. मैनूनं ती बघता बघता उचलली. माझ्या टाळक्यात काही राहीना. मग तो मला घरी घेऊन बसायचा, कल्हईचं ताट पालथं घालायचा आणि सांडशीनं त्याच्यावर वाजवायचा. मी बोटांवर आवाज मोजायला लागलो की वैतागायचा. "मोजू नको रे दत्त्या. माणूस बोलून राहिला समज, अन् ऐक." कितीतरी संध्याकाळी. अब्बा ओरडायचे की ताटाला खड्डे पडतील, तरी तो थांबला नाही. मला आली ती सगळी विद्या त्याची. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझी कीव करायचा मोह तुम्हाला होणार नाही.

बाबूंनी परीक्षेची रीतही सांगितली होती. आधी हैदराबादहून आलेले साहेब एकेकाला आत बोलावून चार प्रश्न विचारणार. मग दोघादोघांना यंत्रापुढं बसवणार. यंत्र टेबलाच्या मध्यभागी, एक खुर्ची खिडकीकडं, एक भिंतीकडं, आणि दोघांनी तोच मजकूर ऐकून आपापल्या कागदावर उतरवायचा. मैनूनं आदल्या दिवशी ती खोली नीट बघून घेतली. खिडकीकडच्या खुर्चीत बसलं तर यंत्र उजव्या हाताला येतं. भिंतीकडं बसलं तर डाव्या.

"खिडकीकडची माझी," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "हाव, तुझी," मी म्हणालो. अर्ज बरोबरच दिलेले, त्यामुळं आमची नावं लागोपाठ होती, म्हणजे यंत्रापुढं आम्ही दोघं बरोबरच बसणार. ती खुर्ची त्याला सोडायची, तेवढं एक मी सांभाळायचं होतं. दुसरं काय मागितलं होतं त्यानं माझ्याकडं?

साहेबापुढं शेरवानीशिवाय जायचं नाही असं बाबूंनी बजावलेलं. आमच्या दोघांत शेरवानी एक — मैनूच्या मामूची, काळी, काखेत रफू केलेली. आधी ती घालून मी आत गेलो. साहेबांनी बापाचं नाव, धंदा, शिक्षण विचारलं आणि मग म्हणाले, एखाद्या घरच्या वाईट बातमीची तार आली तर काय कराल? मी म्हणालो, जसा हुकूम असेल तसं. साहेबांनी पुढच्याला बोलवायला सांगितलं. बाहेर चिंचेखाली येऊन शेरवानी उतरवली, मैनूनं चढवली आणि तो गेला. परत आला तो हसतच. त्यालाही तेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, बातमी पोचवीन, अन् त्या घरी जरा बसून येईन. साहेबांनी खुर्चीवरून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आता सांगतो. त्या चिंचेखाली मला कळलं की जागा मैनूची झाली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. घरी अडचण होती, वडील गेलेले होते — पण ते राहू द्या. त्याच्या घरी काय सोन्याचा धूर निघत होता?

मग दोघांना एकदमच बोलावणं आलं. शेरवानी एक, माणसं दोन. "तू घाल," मैनू म्हणाला. "तू घाबरून राहिलास. गळ्यापर्यंत बटणं लावली की धीर येतो बघ." आणि त्यानं स्वतःच्या हातानं मला ती घातली, एकेक बटण लावलं. शेरवानीवाल्यानं पुढं जावं म्हणून मला पुढं केलं.

मी पुढं गेलो आणि खिडकीकडच्या खुर्चीत बसलो.

गडबडीत बसलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. दोन्ही खुर्च्या मला दिसल्या होत्या. कुठली कुणाची ते आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच बसलो.

मैनू माझ्यामागं क्षणभर उभा राहिला. ती माझी खुर्ची आहे, असं तो म्हणू शकला असता का? का, म्हणून साहेबांनी विचारलं असतं, आणि बहिऱ्याला तारघरात कोण ठेवून घेणार? तो भिंतीकडं जाऊन बसला. यंत्र वाजायला लागलं. चांगला कान आवाजाला लागावा म्हणून त्यानं सवयीनं मान वळवली — यंत्राकडं. यंत्राच्या पलीकडं मी होतो आणि माझा कागद होता. "नज़र अपने काग़ज़ पर," साहेब म्हणाले. त्यानं मान सरळ केली. थोड्या वेळानं ती पुन्हा वळली, काय करणार? साहेबांनी त्याच्या कागदावर हात ठेवला आणि त्याला उठवलं. नक्कल करतो म्हणून. ज्यानं मला अक्षर न् अक्षर शिकवलं, तो माझी नक्कल करत होता म्हणे.

मी एक वाक्य बोललो असतो तर? त्याला त्या बाजूनं ऐकू येत नाही, साहेब. नोकरी कदाचित गेलीच असती, पण चोर तरी ठरला नसता. मी बोललो नाही. मी लिहीत राहिलो. आणि लई चांगलं लिहिलं हो, एकही अक्षर चुकलं नाही. मोजलं नाही, नुसतं ऐकलं, त्यानं सांगितलं होतं तसं.

तो बाहेर थांबला होता. रोज मी त्याच्या उजवीकडून चालायचो. त्या दिवशी तो मागून वळसा घालून आला आणि त्यानं मला आपल्या डाव्या अंगाला घेतलं. घरापर्यंत मी बोलत होतो — गडबड झाली रे, ध्यानात राहिलं नाही रे — आणि तो समोर बघत चालला होता. गल्लीच्या तोंडाशी मी शेरवानी काढून दिली. त्यानं ती नीट घडी करून हातावर घेतली.

नोकरी मला लागली. चाचीनं मलिदा पाठवला. मग एकदा हळूच विचारलं, मैनूचं कसं हुकलं रे? मी म्हणालो, नशीब, चाची. गल्लीत त्याला नक्कल्या म्हणायला लागले, तेही मी ऐकून घेतलं. खुर्चीचं मैनूनं कुणालाच सांगितलं नाही, तिलाही नाही. काही दिवसांनी घाटावर मी एकटाच बसलो होतो, तर तो आला आणि मी त्याच्या उजव्या हाताला येईन असा बसला. खिशातून फुटाणे काढून दिले. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी फुटाणे खाल्ले.

पुढं राज्य गेलं, दिवस बदलले. मैनू लातूरला जाऊन कल्हईच करत राहिला. आमचं येणंजाणं सुटलं नाही. म्हातारपणी तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी भेटायला गेलो. सुनेनं चहा आणून ठेवला होता, बसायला स्टूल त्याच्या उजवीकडं मांडलं होतं. ते उचलून मी डावीकडं घेतलं. त्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगितलं. खुर्ची, चिंच, बटणं, सगळं. तो आढ्याकडं बघत पडला होता. मी रडलोसुद्धा.

मग त्यानं मान वळवली. "दत्त्या, तिकडून काय बोलून राहिलास? इकडं ये की."

मी स्टूल उचलून पलीकडं नेलं. तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला.

"काय म्हणत होतास?"

"काही नाही," मी म्हणालो. "चहा गोड झालाय म्हणलं."

"हाव," तो म्हणाला, "सून साखर लई टाकती." आणि माझा हात धरून ठेवला.

त्यानंतर तो फार जगला नाही. उजवा कान त्याचा शेवटपर्यंत चांगला होता.