डिकीत मावेल तीच

ओयदिन माझी धाकटी जाऊ. उझबेकिस्तानातल्या कोकंदात नवऱ्या सजवायचं काम करते, आणि आसपासच्या गावांत स्वतः गाडी चालवत जाते. आमच्या घरात तिच्याआधी कुठल्या सुनेने चाकाला हात लावला नव्हता. मीही नाही.

तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांनी पाळण्याचा समारंभ ठरला. पाळणा, गाद्या, बाबागाडी, सगळं माहेरहून येतं. कोणतं यायचं, ते मात्र सासर सांगतं. सासूबाईंनी विहिणीला फोनवर सांगून टाकलं, "पांढरी, मोठ्या चाकांची. शेजारच्या मुनव्वरकडे आली तशी."

"ती डिकीत मावणार नाही, आई," ओयदिन म्हणाली. "अर्धी डिकी गॅसच्या टाकीने खाल्लीय. उरलेल्यात माझी सामानाची पेटी."

"मग नको नेऊस. घरी बस. अंगणात फिरव."

हेच तर होतं. मोठी बाबागाडी आली की ओयदिन घरात. अंगावर पिणारं पोर टाकून ती दिवसभर जाणार नव्हती, आणि मांडीवर घेऊन नवरीच्या डोळ्यांत काजळ घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला आणि बाळाला गाडीत घातलं, स्वतःच्या आईला वाटेत घेतलं आणि थेट बाजारात बाबागाड्यांच्या रांगेसमोर गाडी उभी केली. डिकी उघडली.

"अहो ताई, इथे पार्किंग नाही!" दुकानदार ओरडला.

"पार्किंग कोण करतंय? माप घेतेय. ती द्या."

पांढरी आणली. टाकीला अडली. "चाकं निघतात ना," तो म्हणाला.

"दर वेळी चाकं काढत बसू? तेवढ्यात पोराला कुठे ठेवू, टपावर?"

"राजाची गाडी आहे ही!"

"राजा मागे कुणाला तरी ढकलायला ठेवतो. मला मीच आहे."

दुसरी मावली, पण डिकीचं झाकण लागेना. तिसरीची पाठ सपाट होत नव्हती. एवढ्याशा बाळाची मान लटकली असती. चौथी करड्या रंगाची, बारीक. पाठ सपाट होत होती, उन्हासाठी टप होता. ओयदिनने बाळ डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताने गाडी मिटली, उचलली आणि पेटीच्या बाजूला सरकवली. झाकण लागलं.

तिची आई रडकुंडीला आली. "माझी अब्रू जाईल गं. लोक म्हणतील, हात आखडला."

"माझं नाव सांग. म्हणावं, पोरगी हट्टी."

समारंभाच्या दिवशी तिच्या आईने ती गाडी गाद्यांच्या ढिगामागे लपवली होती. ओयदिनने सगळ्या बायकांदेखत ओढून काढली आणि उघडली.

"अगंबाई!" मुनव्वरमावशी म्हणाल्या. "ही बाबागाडी की भाजी आणायची?" बायका हसल्या.

"मावशी, तुमच्याकडे वर्षापूर्वी पांढरी आली. नातू कुठे कुठे फिरून आला?"

"अं... अंगणात. उन्हाचं कुठे न्यायचं?"

"आणि सून?"

मावशींनी बशीतला बदाम तोंडात टाकला. त्यांची सून चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली आणि करड्या गाडीची कळ दाबून पाहिली. गाडी मिटली.

सासूबाईंचा चेहरा उतरला होता. पाहुण्या गेल्यावर म्हणाल्या, "चार बायकांत माझं तोंड पाडलंस. मी त्या गाडीला हात लावणार नाही, सांगून ठेवते."

"नका लावू, आई. एका हाताने मिटते."

रविवारी एका गावात लग्न होतं. नवरीकडून सकाळीच फोन आला. ओयदिनने पेटी ठेवली, बाबागाडी ठेवली, आणि मागच्या सीटवर बाळाच्या खुर्चीत मुलाला बांधलं. सासूबाई फाटकाजवळ झाडत होत्या. त्यांनी फाटक उघडलं नाही, झाडू थांबवला नाही. मी पुढे होऊ लागले, तर ओयदिनने हातानेच थांबवलं.

ती उतरली, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली आणि गाडी बाहेर काढली. जाताना लावायला मात्र उतरली नाही.